‘स्मोकी’ आणि ‘पीटी’ व्हिस्की : धुरकट म्हणावं की आणखी काही?

पाचपाखाडी : ठाण्यात चाखणीच्या बैठकीसाठी बाटल्यांच्या वर्णनाची मराठी कार्डं करायची आहेत. ‘स्मोकी’ला धुरकट लिहिलं, ‘पीटी’लाही धुरकटच लिहावं लागतंय. दोन्ही एकच का? आणि ‘धुरकट’ वाचून कोणी ग्लासला हात लावेल का?

नेरूळ : नाही लावणार. मराठीत धुरकट म्हणजे बिघडलेलं. दूध धुरकटलं की घरात कोणी पीत नाही. दोष त्या ‘-कट’मध्येच आहे. तेलकट, मळकट, मातकट, जळकट, पोरकट, यातल्या एकात तरी कौतुक दिसतं का?

आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे : धुरी. धूर आपोआप होतो, धुरी आपण देतो. न्हाऊ घातलेल्या बाळाला ओव्याची धुरी, घराला उदाची, लोणच्याच्या बरणीला हिंगाची. बरणीचं उदाहरण तर इथे तंतोतंत लागू पडतं. धुरी बरणीला दिलेली असते, चव लोणच्याला येते. व्हिस्कीतही धुरी दारूला देत नाहीत, जवाला देतात. म्हणून ‘स्मोकी’ला धुरीची व्हिस्की म्हणा.

घणसोली : धुराळ कसा वाटतो? रसाळ, मधाळ, दुधाळ यांच्या चालीवर.

नेरूळ : चाल चांगली आहे, पण धुरळा लगेच डोळ्यांत जातो. कार्ड वाचणाऱ्याला घोडबंदर रोडची आठवण यायला नको.

कोपरखैरणे : धुरीला माझं मत. मात्र ती कुठे देतात हे नीट सांगायला हवं, कारण ‘भट्टी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हातभट्टी येते आणि दारू गाळताना खालच्या जाळाचा धूर आत शिरला असा समज होतो. तसं होत नाही. जव (म्हणजे बार्ली, आपलं ‘सातूचं पीठ’ बहुधा गहू-डाळ्यांचं असतं, तो घोळ कार्डावर नको) भिजवून मोड आणतात. मोड थांबवण्यासाठी ते वाळवावे लागतात. भोकं असलेल्या जमिनीवर ओले जव पसरतात आणि खाली पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळ-झुडपांचा थर, कापून वाळवलेला) पेटवतात. टरफल ओलं असेपर्यंतच धूर धरतं. वरचं पाणी उडालं की कितीही धूर सोडा, फारसा लागत नाही. म्हणून आधी धुरी, मग नुसती गरम हवा. पीटही अगदी खडखडीत वाळलेलं नको, नाहीतर ज्वाळा होतात आणि धूर कमी. ज्यांनी पोपटी लावली आहे त्यांना हे सांगायला नको.

पाचपाखाडी : मग ‘पीटी’ म्हणजे पीटची धुरी, एवढंच?

कोपरखैरणे : एवढंच, पण त्या ‘पीटची’मध्येच सगळं आहे. लाकडाच्या धुरात ग्वायकॉल असतं, तो झाला शेकोटीचा वास. पीटच्या धुरात त्याच्या जोडीला फेनॉल आणि क्रेसॉल ठळक असतात, त्यांचा वास दवाखान्याचा. म्हणून आर्डबेग किंवा लाफ्रॉइग या पीटच्या धुरीच्या स्कॉच पहिल्यांदा हुंगणारा ‘हे तर फिनाईल!’ म्हणतो. त्याला हसू नका, तो बरोबर बोलतोय. काळं फिनाईल डांबरातल्या याच कुळातल्या द्रव्यांचं असतं आणि जुना लाल कार्बोलिक साबणही त्याच घरचा. कार्बोलिक अॅसिड म्हणजेच फेनॉल. डांबराच्या गोळ्यांशी तुलना मात्र चुकीची. ते नॅफ्थलीन, त्याचा वास वेगळा.

नेरूळ : म्हणजे कार्डावर ‘फिनाईल’ लिहायचं?

कोपरखैरणे : ‘कार्बोलिक साबण’ लिहा. पन्नाशीच्या पुढच्यांना लगेच कळेल, बाकीच्यांना हुंगल्यावर. आणि ‘खरपूस’ राखून ठेवा. आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातून व्हॅनिला, कॅरॅमल, भाजल्याचा जो वास येतो तो खरपूस. बऱ्याच कार्डांवर पिंपाचा खरपूसपणा आणि पीटची धुरी एकाच शब्दात कोंबलेली असते, तिथेच गोंधळ होतो.

वाशी : खुद्द ‘पीट’ला मराठी प्रतिशब्द? ‘खाजण’ चालेल?

कळवा : अजिबात नाही. खाजण म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारी जमीन, आपल्या खाडीकाठची. पीट होतं ते पावसाच्या साचलेल्या, आम्ल पाण्यात. तिथे प्राणवायू पोचत नाही, म्हणून शेवाळ (मुख्यतः स्फॅग्नम) आणि झुडपं पुरती कुजत नाहीत. थर वाढतो वर्षाला साधारण 1 मिलिमीटर. एका मीटरला हजारेक वर्षं. शाळेच्या भूगोलात कोळशाचे प्रकार पाठ केले होते, पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट, त्यातलं पहिलं ते हेच. शब्द आपल्याकडे आहे, नवा कशाला घडवायचा?

दोन सावधगिऱ्या. एक, ‘पीट’चा ट नीट छापा. ‘पीठाची व्हिस्की’ असं छापलेलं कार्ड फिरायला वेळ लागत नाही. दोन, गच्चीत कुंड्या लावणारे विचारतील, ‘म्हणजे कोकोपीट का?’ कोकोपीट हा नारळाच्या काथ्याचा भुसा. पीटच्या जागी वापरतात म्हणून ते नाव, बाकी नातं काही नाही.

पाचपाखाडी : कार्डावर पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग) आकडा देऊ का? लोक विचारतात.

कोपरखैरणे : द्या, पण ‘जवातलं फेनॉल’ असं लिहून. आकडा बाटलीतला नसतो, धुरी दिलेल्या जवातला असतो. बोमोर 25च्या आसपास, लागावुलिन 35, लाफ्रॉइग 40 ते 45, आर्डबेग 55, आणि ऑक्टोमोरच्या काही आवृत्त्या तर 300च्या वर. दळणं, आंबवणं, गाळणं यात बरंचसं गळून जातं आणि पिंपात वर्षं जातील तसं आणखी उतरतं. गाळताना शेवटी शेवटी येणाऱ्या धारेत फेनॉलं जास्त असतात, त्यामुळे धार कधी तोडली यावर चव ठरते. लागावुलिन आणि कूल ईला यांचे जव साधारण सारख्याच धुरीचे, तरी पहिली जड आणि दुसरी हलकी, थोडी लिंबाळ.

वाशी : नवख्याला ओळीने काय द्यावं तेही सांगा. शब्द चाखूनच पटतील.

कोपरखैरणे : जॉनी वॉकर ब्लॅकमध्ये धुरीची नुसती चाहूल असते, तिथून सुरुवात. मग टॅलिस्कर 10 (मिरी आणि मीठ), मग बोमोर 12, मग कूल ईला 12, शेवटी लाफ्रॉइग 10. उलट क्रमाने दिलीत तर पहिल्या घोटानंतर बाकीच्या पाण्यासारख्या लागतील. दूरची बाटली नको असेल तर बेंगळुरूची अमृत पीटेड आणि गोव्याची पॉल जॉन बोल्ड आहेतच. हवा आपली, जवाची धुरी पीटची.

प्रत्येकी 20 मिली पुरे, तोंडाशी निमुळता ग्लास. नाक आत खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा, नाहीतर अल्कोहोलच नाकाला झोंबेल. आधी कोरा घोट, मग चार-पाच थेंब पाणी. पाण्याने बहुधा धुरीमागची गोडी वर येते. बर्फाने वास बसतो आणि जिभेवर राखेचा कडवटपणा तेवढा उरतो. ‘स्मोकी आवडत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी बर्फाचीच चव घेतलेली असते. सोबत भाजलेला सुका बोंबील चालतो, शेव-फरसाण नको, तिखटाने नाक बंद होतं.

घणसोली : पाणी घातल्यावर टॅलिस्कर किंचित धुरकट दिसते, ती धुरीमुळेच ना?

नेरूळ : बघा, याचसाठी ‘धुरकट’ नको म्हणत होते! ते दिसणं वेगळं. थंड करून फिल्टर न केलेली व्हिस्की 46 टक्क्यांच्या खाली आली की त्यातले तेलकट एस्टर विरघळलेले राहत नाहीत, म्हणून ढगाळ होते. धुरी न दिलेल्या व्हिस्कीतही हे होतं. दिसण्याला ‘ढगाळ’ लिहा.

कळवा : गंमत म्हणजे इंग्रजीतही हाच घोळ आहे. स्कॉट लोक धुराला ‘रीक’ म्हणतात, एडिंबरोचं टोपणनावच ‘ऑल्ड रीकी’. इंग्रजांच्या तोंडी तोच ‘रीक’ घाण वासाला. म्हणजे धुरकट-धुरीचं भांडण तिकडेही आहे.

पाचपाखाडी : कार्डावर असं छापतो : ‘स्मोकी’ला ‘धुरीची’, ‘पीटी’ला ‘पीटच्या धुरीची’, पिंपाला ‘खरपूस’. राहता राहिलं लाफ्रॉइग, आर्डबेग जिथे होतात त्या स्कॉटिश बेटाचं (Islay) नाव. स्पेलिंगवरून ‘इस्ले’ लिहिलंय.

कळवा : उच्चार ‘आयला’.

पाचपाखाडी : ते छापू कसं? ‘आयला व्हिस्की’?

कळवा : छापा बिनधास्त. लाफ्रॉइगचा पहिला घोट घेतल्यावर तेच तोंडून निघतं.