‘डूलॅली’ म्हणून हसायचं की नाही?

खवचट_काका:
डोकं फिरलंय हे हसत हसत सांगावं ते ब्रिटिशांनीच. ‘सहलीच्या डब्यात दोन-चार सँडविच कमी’, ‘गोट्या हरवल्यात’. ‘बार्किंग मॅड’ म्हणजे ठार वेडा, आणि पूर्व लंडनमध्ये बार्किंग नावाचं स्टेशनही आहे. मग त्याच्याही पलीकडे गेलेल्याला म्हणायचं ‘डॅगनम’, कारण डिस्ट्रिक्ट लाइनवर ते बार्किंगच्या तीन स्टेशनं पुढे! आपली नाशिकजवळची देवळालीसुद्धा ‘डूलॅली’ (म्हणजे वेडा) होऊन त्यांच्या बोलण्यात जाऊन बसली. निर्विष थट्टा आहे, हल्ली उगाच नाकं मुरडतात.

कॅम्पातला:
काका, देवळालीपुरतं बोलतो. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत आमच्या कॅम्पात पडून असायचे. बोटी हिवाळ्याच्या हंगामात सुटायच्या. तो हुकला की पुढचे कितीतरी महिने ऊन, दारू, मलेरिया आणि हाताला काम नाही. मूळ शब्द ‘डूलॅली टॅप’, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. माणसं खरोखर खचलेली होती हो. (त्याच देवळालीला मुंबईची पारशी मंडळी हवा पालटायला यायची, ते कुणी सांगत नाही.)

खवचट_काका:
पण तो शब्द काढला सोल्जरांनीच ना? स्वतःच्या हालावर हसले ते. त्यांचं हसू तुम्ही कोण काढून घेणार?

निळी_शाई:
स्वतःवर हसणं वेगळं. 2003 मध्ये फ्रँक ब्रुनो हा बॉक्सिंगमधला माजी हेवीवेट विश्वविजेता मनोरुग्णालयात दाखल झाला, तेव्हा ‘द सन’ या ब्रिटिश वृत्तपत्राचा मथळा होता ‘बॉन्कर्स ब्रुनो लॉक्ड अप’, म्हणजे ‘वेडा ब्रुनो कोंडला’. लोक इतके भडकले की पुढच्या आवृत्तीत मथळा बदलावा लागला. ‘बॉन्कर्स’ही तुमच्याच निर्विष यादीतला.

खवचट_काका:
तो संपादकाचा नालायकपणा. चाकूने खून झाला म्हणून कांदा दाताने चिरायचा का?

निळी_शाई:
ही सवय त्या एका संपादकाची नाही. लंडनचं बेथलेम रुग्णालय 1247 सालचं, त्यावरून गोंधळाला ‘बेडलम’ म्हणू लागले. अठराव्या शतकात लोक तिथे मनोरुग्ण बघायला जायचे, करमणूक म्हणून!

घोडबंदर_रोड:
लंडन कशाला? शाळेच्या सहलीत मी ठाण्याची म्हटलं की ठरलेला प्रश्न, ‘सुट्टीवर सोडलं वाटतं?’ पुण्याच्या मुलींना येरवडा, मला ठाणे. दहा वेळा हसले, अकराव्यांदा नाही. आणि मी तर नुसती त्या गावची. ज्याचा भाऊ खरंच तिथे भरती होता, तो त्या बसमध्ये गप्प बसून होता.

कॅम्पातला:
आम्ही मात्र ‘डूलॅली’ अभिमानाने सांगतो बरं का! गावाचं नाव इंग्रजी शब्दकोशात किती जणांचं आहे?

घोडबंदर_रोड:
सांगा की. तुम्हाला ते चिडवायला कुणी वापरलं नाही, म्हणून सुचतंय.