घाणेरी काढायची कशी? तोडली की दुप्पट येतेय

टेकडीवाला:
लोकहो, भोर बाजूला आमची दीड एकर उताराची पड जमीन आहे. आजोबांच्या वेळी तिथे हिरडा, ऐन, आपटा असं बऱ्यापैकी रान होतं म्हणे, आता नुसती घाणेरी (टणटणी म्हणतात ना, तीच), डोक्याच्या वर गेलीये, आत शिरायची सोय नाही. गेले दोन उन्हाळे गडी लावून कोयत्याने सपासप तोडून घेतली, एकदा तर पेटवूनही दिली, पण पाऊस पडला की परत तेच, उलट जास्त दाट. आता एकजण म्हणतो जेसीबी लाव, दुसरा म्हणतो तणनाशक मार. मला तिथे परत रान हवंय, प्लॉट नाही पाडायचे. कुणी केलंय का हे?

करवंदीची_जाळी:
दादा आधी ते पेटवणं बंद करा. आगीत वरचं जळतं, बुंधा जिवंतच राहतो, आणि मरतात कोण तर मधली ऐन-आपट्याची पोरं. जेसीबी तर उतारावर अजिबात नको, पहिल्याच पावसात माती ओढ्यात, आणि उकरलेल्या जागेत सगळ्यात आधी येणार कोण, घाणेरी नाहीतर रानमोडी (हेही तसंच पसरणारं परदेशी तण). ग्लायफोसेटसारखं तणनाशक मारलंत तर खालचा कुडा, करवंद सगळंच जाईल.
खोड आणि मूळ जिथे जुळतं ना, तो गड्डा जमिनीच्या जरासाच खाली असतो, कोंब तिथूनच फुटतात. कुदळीने बाजूची माती सरकवून त्याच्या खाली घाव घालायचा, खालचं मूळ राहिलं तरी चालतं. मग झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे परत रुजत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंच्या टीमने उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलात हेच केलं होतं. आम्ही पहिले दोन चांगले पाऊस झाले की लागतो, माती मऊ असते. चार गडी, दिवसाला जेमतेम दीड-दोन गुंठे होतात, सांगून ठेवतो.

टेकडीवाला:
बापरे, दीड एकर म्हणजे महिना जाईल की!

ओढ्याकाठचा:
जाऊ द्या ना, सगळं एका वर्षात करूच नका. ससे, मुंगूस, बुलबुल सगळ्यांचा आसरा सध्या तीच आहे, पट्टे पाडून काढा.
आणि गडी आत घालायच्या आधी स्वतः एक चक्कर मारा, लांब बाह्यांचा शर्ट घालून, ओरखडे लय येतात. ऐन, पळस, शिमट, मेढशिंग यांची जुनी खोडकी जिवंत असतात, त्यांना रंगीत चिंध्या बांधा. मी बांधल्या नव्हत्या, गड्यांनी हाताएवढी मेढशिंगी उडवली, अजून हळहळ वाटते. उजेड मिळाला की ही खोडकी स्वतःच वर येतात, निम्मी रोपं विकत घ्यावी लागत नाहीत.
दुसरं म्हणजे बुलबुल घाणेरीची काळी फळं खाऊन झाडावर बसतात, बी खाली पडतं. म्हणून मोठ्या झाडांखाली निदान तीन पावसाळे फिरून रोपं उपटायची. लोक हेच करत नाहीत आणि मग म्हणतात घाणेरी जात नाही.

शेतकरी_गडी:
मोकळ्या जागेत गिरीपुष्प लावा राव, पटकन वाढतं, हिरवंगार दिसतं.

करवंदीची_जाळी:
अहो गिरीपुष्पही तिकडचंच, मध्य अमेरिकेतलं! घाणेरीसुद्धा १८०९च्या सुमारास कोलकात्याच्या बागेत शोभेला म्हणूनच आणली होती. एक पाहुणा घालवून दुसऱ्याला पाट मांडायचा का? मोकळ्या जागेत आधी गवत येऊ द्या, मारवेल, पवन्या. दाट गवतात घाणेरीचं बी सहज डोकं काढत नाही. फक्त गुरं सोडू नका, नवे कोंब खातील. आणि काढलेल्या ढिगाकडेही जाऊ देऊ नका, पाला पोटात गेला की कावीळ होते.

टेकडीवाला:
ठरलं, यंदा वरचे दहा गुंठेच. पवन्याचं बी कुठे मिळेल पण?

ओढ्याकाठचा:
नर्सरीत शोधत बसू नका. दिवाळीच्या आसपास पवन्या पिकतो, शेजारच्या डोंगरावर जाऊन मुठीने ओरबाडून आणा आणि सुतळीच्या पोत्यात कोरडं ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत भरलेलं माझं सगळं बुरसलं होतं.