टीडीसीएस आणि टीएमएस एकत्र : परिणाम दुप्पट की उलटाच?

धागाकर्ता : चेताकोश
मोटर कॉर्टेक्सची, म्हणजे हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागाची, उत्तेजनक्षमता (चेतनेला प्रतिसाद देण्याची तयारी) वाढवायची तर आधी टीडीसीएस (डोक्यावरून दिलेला सौम्य विद्युतप्रवाह) आणि लगेच टीएमएस (डोक्याबाहेरून दिलेले चुंबकीय स्पंद) द्या, म्हणजे परिणाम दुप्पट, असं सर्रास बोललं जातं. ही बेरीज मला मुळातच मान्य नाही. २००४ मध्ये सीबनर आणि सहकाऱ्यांनी आधी १० मिनिटं १ मिलिअँपिअरचा प्रवाह दिला, मग १ हर्ट्झचे चुंबकीय स्पंद. आधीचा प्रवाह ॲनोडचा, म्हणजे उत्तेजना वाढवणारा, असेल तर स्पंदांनंतर उत्तेजनक्षमता घटली. कॅथोडचा, म्हणजे उत्तेजना घटवणारा, असेल तर वाढली. आणि आधी प्रवाहाचं नुसतं नाटक केलं, तेव्हा त्याच स्पंदांनी फारसं काही झालं नाही! मग दुप्पट कशाच्या जोरावर म्हणायचं?

मृगजळ :
अहो, पण हाच तर जोडीचा फायदा आहे. चेतापेशींचं जाळं स्वतःला एका मर्यादेत सांभाळतं; आधी फार चेतवलं की पुढच्या चेतनेला ते आवर घालतं. हे कळल्यावर क्रम मुद्दाम उलटा लावता येतो. एकटे स्पंद जिथे निष्प्रभ होते, तिथे आधीच्या प्रवाहाने ते प्रभावी झाले. तुमचा दाखला माझ्याच बाजूचा आहे.

चेताकोश :
क्रम लावायचा तर आधी प्रवाहाची दिशा तरी भरवशाची हवी. कॅथोड म्हणजे घट, हा नियम १ मिलिअँपिअरला चालतो. २०१३ मध्ये २ मिलिअँपिअर २० मिनिटं दिला तर त्याच कॅथोडने उत्तेजनक्षमता वाढली. पायाच असा डळमळीत, त्यावर दुसरा मजला?

मृगजळ :
मग मात्रा ठरवा की! औषधाचंही तेच असतं. त्यासाठी जोडप्रयोगच बंद करायचे का?

खरडवही :
दोघंही सरासरीवर भांडताय. थीटा बर्स्टच्या, म्हणजे झटपट गुच्छांत दिलेल्या चुंबकीय स्पंदांच्या, प्रयोगांत कुणाची उत्तेजनक्षमता वाढते, कुणाची घटते, कुणाची ढिम्म हलत नाही. शिवाय हे सगळं मोजतात हाताच्या एका छोट्या स्नायूच्या प्रतिसादावर. तो वाढला म्हणून पक्षाघाताच्या रुग्णाचा हात सुधारला असं होत नाही. फिजिओथेरपीच्या सरावाला तिसरी चेतना धरलीत, तर क्रमाचा प्रश्न तिथेही येतो.

मृगजळ :
सरावाचा मुद्दा मान्य. पण म्हणूनच सरावाआधी काय द्यायचं, ते जोडप्रयोगांतूनच कळेल.

चेताकोश :
कळेल, पण प्रत्येक घटक एकेकटा, जोडीने आणि खोट्या चेतनेसह तपासलात तरच. नुसती जोडी तपासून "चालतं" म्हणणाऱ्यांवर माझा आक्षेप कायम आहे.