वाळवंटी टाकीत जिवंत झाड: सरड्याचा छळ की सरड्याची गरज?

निवडुंगवेडी: काल ‘काचघर’ यांनी सरडे पाळायच्या काचेच्या टाकीबद्दल इथे लिहिलं, "वाळवंटी टाकीत जिवंत झाड म्हणजे मालकाच्या फोटोच्या हौसेपायी सरड्याचा छळ. झाड आलं की पाणी आलं, पाणी आलं की दमटपणा, दमटपणा आला की आजार. प्लॅस्टिकचं लावा आणि विषय संपवा." नवे लोक हे वाचून झाडं उपटून टाकतील, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, हे चित्रच चुकीचं आहे. लेपर्ड गेको हा पाळला जाणारा छोटा सरडा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ माळावरचा. तिथे खुरटं गवत असतं, झुडपं असतात. बिअर्डेड ड्रॅगन हा मोठा सरडा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातला, तो तर झुडपांवर आणि वठलेल्या खोडांवर चढून ऊन खातो. त्यांना सावली लागते, आडोसा लागतो.

राहिला दमटपणा. हॉवर्थिया (कोरफडीसारखं छोटं रोप), कोरफड, निवडुंग यांची पर्णरंध्रं रात्री उघडतात, दिवसा बहुतेक मिटलेली असतात. त्यामुळे पानांतून पाणी फारच कमी उडतं. टाकीतला ओलावा वाढतो तो माणसाच्या हातातल्या झारीमुळे. माझ्याकडे टाकीच्या गार टोकाला, दिव्यापासून लांब, मातीची छोटी कुंडी काठापर्यंत पुरलेली आहे, तिच्यात एक हॉवर्थिया. पाणी फक्त कुंडीत, तेही चमच्याने, आणि माती खडखडीत वाळल्यावरच. हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजणारं यंत्र, 40 टक्क्यांच्या आसपास असतं. दिवा बंद झाला की माझी गेको बिळातून निघते आणि थेट त्या रोपाच्या बुडाशी पोट टेकून बसते. प्लॅस्टिकचं झाड तिथे वर्षभर होतं, त्याच्याकडे ती एकदाही फिरकली नव्हती.

काचघर: ताई, तुमची गेको मूठभर. माझा ड्रॅगन चारशे ग्रॅमच्या वर आहे. मी पण असंच वाचून टाकीत माती भरली, कोरफडी लावल्या. दोन महिन्यांत दमटपणाचा आकडा 70 च्या पुढे. एका सकाळी तो दिव्याखाली मान वर करून, तोंड उघडं ठेवून बसला होता. वाटलं, ऊब घेतोय. मग नाकपुडीशी बुडबुडा दिसला. डॉक्टर म्हणाले फुफ्फुसाचा संसर्ग. किती आठवडे इंजेक्शनं दिली ते माझं मला ठाऊक. हातात धरल्यावर त्याच्या छातीतली घरघर बोटांना लागायची. ते ज्याने अनुभवलंय त्याला पर्णरंध्रं सांगू नका.

निवडुंगवेडी: वाईट वाटलं, मनापासून. पण अख्ख्या टाकीत ओली माती भरणं आणि एक कुंडी ठेवणं या दोन गोष्टी एक नाहीत. बादली सांडली म्हणून घरात पाणीच भरायचं नाही, असं कुणी म्हणतं का?

मातीतला: दोघांनीही खरा धोका सोडलाय. झाड कुठलं? शेराच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर माणूस तळमळतो, मग सरड्याचं काय होईल? पानफुटी आणि कलांचोमध्ये हृदयावर परिणाम करणारं विष असतं. कोरफडीच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाने जुलाब होतात, आणि ड्रॅगन पाला खाणारा प्राणी आहे. त्यात विकत आणलेल्या रोपावर आंतरप्रवाही कीटकनाशक मारलेलं असलं तर ते पानाच्या आत असतं, धुऊन जात नाही. मी नवं रोप आणलं की मुळं धुतो, जुनी माती टाकतो, मातीत मिसळलेले पर्लाइटचे हलके पांढरे दाणे एकेक करून काढतो आणि काही महिने टाकीबाहेर वाढवतो. नवी फुटलेली पानं दिसल्याशिवाय ते आत जात नाही.

रातकिडा: झाडांवर एवढं बोलताय आणि खाली काय पसरलंय ते कुणी विचारत नाही. वाळू! पिल्लं किड्याबरोबर ती गिळतात आणि आतडं तुंबतं. माझं पिल्लू असंच गेलं. "पचते" म्हणून विकलेली कॅल्शियमची वाळू होती. ज्याच्या टाकीत वाळू आहे त्याने प्राणिप्रेम शिकवू नये.

मातीतला: तुमचं दुःख समजतं, पण दोष एकट्या वाळूचा नसतो. उबेची जागा पुरेशी तापत नसेल तर पचन मंदावतं. कॅल्शियम कमी पडलं तर सरडा स्वतःहून माती चाटतो. माझ्याकडे चिकणमाती आणि वाळू घट्ट दाबून बसवलेली आहे. सहा वर्षं झाली.

रातकिडा: म्हणजे मी उपाशी आणि गारठलेलं ठेवलं होतं, असं म्हणायचंय तुम्हाला? थर्मामीटर होता माझ्याकडे!

मातीतला: काचेवर चिकटवलेला की दिव्याखालच्या दगडावर ठेवलेला? ड्रॅगनला त्या दगडावर 40 अंश लागतात. काचेवरचा आकडा हवेचा असतो.

रातकिडा: ...काचेवरचा. तरीही मी फरशीच वापरणार. पिल्लांना तरी वाळू देऊच नका, यावर मी ठाम आहे.

मातीतला: पिल्लांच्या बाबतीत मान्य.

निवडुंगवेडी: वाळूसाठी वेगळा धागा काढा ना! मूळ मुद्दा झाडाचा होता. एक गोष्ट मीच लिहायची राहिले. यूव्हीबीची (अतिनील किरणांची) नळी सरड्यासाठी असते, तेवढ्यावर झाड तगत नाही. माझी पहिली तीन रोपं लांबुडकी, फिकट होऊन कुजली. नंतर 6500 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, वेगळा दिवा लावला. आणि हो, काचघर यांचं एक मान्य करते. मोठा ड्रॅगन रोप तुडवतो, उकरतो. जिथे झाड महिनाभरही उभं राहणार नाही तिथे हट्ट नको. सुकं खोड बरं.

काचघर: छळ हा शब्द मी मागे घेतो. बाकीचं नाही. आतल्या पुठ्ठ्याच्या खोक्याजवळ गार टोकाला जागा आहे. आधी नुसती कोरडी कुंडी पुरतो, दोन आठवडे आकडे लिहून ठेवतो. मग चमच्याने पाणी घालून पुन्हा दोन आठवडे. रोप त्यानंतर. 45 च्या वर काटा गेला तर कुंडी बाहेर, आणि तेही इथेच लिहीन.

निवडुंगवेडी: हायग्रोमीटर कुंडीच्या शेजारी नको, सरडा झोपतो तिथे ठेवा.