रोव्हर्स चषक : थोडी दुरुस्ती, थोडी भर

मुंबईच्या रोव्हर्स चषक फुटबॉल स्पर्धेबद्दल '१९२३ साली कोलकात्याच्या मोहन बागान क्लबने हा चषक जिंकला' असं सांगितलं जातं, ही माहिती दुरुस्त करायला हवी. त्या वर्षी बागान अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता, पण डरहॅम लाइट इन्फंट्री या ब्रिटिश पलटणीच्या संघाकडून ४-१ असा हरला. १८९१ मध्ये मुंबईत ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिला विजेता होता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ, आणि पुढे कित्येक वर्षं चषक गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. हा शिरस्ता मोडला १९३७ मध्ये, बंगळूर मुस्लिम्स या भारतीय संघाने. त्यांनी पुढच्या वर्षीही चषक राखला. या संघाचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

माझ्या मते स्पर्धेतला सर्वांत थोर अध्याय हैदराबाद पोलिसांचा. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली १९५० ते १९५४ असे सलग पाच चषक! मुंबईकरांसाठी मात्र १९५८ महत्त्वाचं : तेव्हा मुंबईच्या कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाने बाजी मारली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा त्याच संघात होते.

विजेतेपदं मोजताना एक चूक हमखास होते. १९६२ चा चषक ईस्ट बंगाल आणि आंध्र पोलीस यांना विभागून दिला होता, तो दोघांच्याही खात्यात धरायचा. बागानची एकूण १४ विजेतेपदं, त्यातलं शेवटचं २०००-०१ च्या हंगामातलं. त्यानंतर मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स झालाच नाही.