रिन टिन टिनला ऑस्करची दंतकथा कशाला चिकटवता?

गोकुळपेठचा सिनेमावाला
काल इथे एकानं लिहिलं की १९२९ च्या पहिल्या ऑस्करला सगळ्यात जास्त मतं रिन टिन टिन या कुत्र्याला पडली होती, पण कुत्र्याला बक्षीस देणं शोभत नाही म्हणून ते एमिल यानिंग्ज या जर्मन नटाला दिलं. त्यावर धडाधड लाईक. डोकं फिरलं माझं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचेच माजी संचालक ब्रूस डेव्हिस यांनी जुन्या मतपत्रिका पाहून ही गोष्ट मोडीत काढली आहे. आणि मुळात गरज काय तिची? सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधल्या फ्लिरे गावात, बॉम्बनं उद्ध्वस्त झालेल्या कुत्र्यांच्या तळावर हे पिल्लू ली डंकन या अमेरिकन सैनिकाला सापडलं. पाच वर्षांत ते वॉर्नर या हॉलिवूड स्टुडिओच्या सिनेमात होतं. 'क्लॅश ऑफ द वुल्व्ज' (१९२५) बघा. पायात निवडुंगाचा काटा रुतलेला लांडगा झालाय तो, काय लंगडलाय! असं काम असताना खोट्या मतांची कुबडी कशाला?

फुटाळ्याचा बंडू
काम? कोणाचं काम, दादा? मूकपट होता तो. डंकन कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून हातवारे करे, ओरडून सांगे. बोलपट आले अन् १९२९ मध्ये वॉर्नरनं करार संपवला. कुत्रा एवढा मोठा नट होता तर काऊन काढलं?

गोकुळपेठचा सिनेमावाला
बोलपटानं माणसं नाही बुडवली का? यानिंग्जचं इंग्रजी चालेना म्हणून तोही जर्मनीला परत गेला. त्याला नट म्हणायचं नाही का मग? आणि मूकपटात दिग्दर्शक माणसांनाही शॉट चालू असतानाच ओरडून सांगायचे. नियम दोघांना एकच लावा.

फुटाळ्याचा बंडू
माणसाला भूमिका माहीत असते. कुत्र्याला डंकनचा हात अन् हातातलं खेळणं माहीत असतं. श्रेय डंकनला द्या, माझी हरकत नाही.

मनीषनगरची ताई
तुमचा अभिनयाचा वाद चालू द्या, पण त्या कुत्र्यानं मागे काय ठेवलं ते कोणी बोलतच नाही. पडद्यावर हा जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा बघून घराघरात शेफर्ड आले. तीच हौस आज आमच्या गल्लीत आहे. समोरच्या घरात गेल्या वर्षी शेफर्डचं पिल्लू आणलं. मे महिन्यात स्लॅबवर बांधलेलं, सावलीला एक फाटकी ताडपत्री. पाण्याचं भांडं स्टीलचं, दुपारी हात लावला तर चटका बसे. पंजे उचलून उचलून उभं राहायचं ते. मी बोलायला गेले तर म्हणे, "ताई, तुम्ही तुमचं घर बघा." दिवाळीच्या आत ते वर्धा रोडवर सोडून आले. या नागपुरात २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. इथे आता हस्कीसारखं बर्फातलं कुत्रंसुद्धा विकत घेतात लोक!

गोकुळपेठचा सिनेमावाला
ताई, राग बरोबर आहे, पण तो रिन टिन टिनवर काढू नका. त्याच्या आधी १९२१ मध्येच स्ट्राँगहार्ट हा शेफर्ड पडद्यावर गाजला होता. आणि लोक कुत्रं सोडून देतात त्यात नटाचा काय दोष?

मनीषनगरची ताई
दोष नाही म्हटलं मी? परिणाम म्हटलं. सिनेमात कुत्रा दिसला की मागणी वाढते. मग विकणारे एकाच मादीला पुन्हा पुन्हा व्यायला लावतात. बघायचं असेल तर चला माझ्यासोबत.

अजनीवाला_६८
विकत घेतलेल्या कुत्र्यांचं एवढं दुःख, अन् रस्त्यावरच्या टोळ्यांचं काय? माझ्या नातवाला पिंडरीला चावलं, इंजेक्शनांसाठी पाच चकरा मारल्या. तुमच्यासारखेच लोक कोपऱ्यावर भात टाकून राहिले. २०२२ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं होतं ना, खाऊ घालायचं तर दत्तक घ्या, घरी न्या!

मनीषनगरची ताई
अर्धंच सांगता काका. त्यातल्या कडक भागांना सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबरमध्येच स्थगिती दिली होती. आणि मी नुसता भात टाकत नाही. नसबंदीला पकडून नेते, रिक्षाभाडं माझं. तुम्ही किती नेली?

अजनीवाला_६८
मी कशाला नेऊ? माझं काम आहे का ते? टॅक्स भरतो मी. नातवाचा पाय बघितला असता तर असं विचारलं नसतं तुम्ही.

मनीषनगरची ताई
बाळाला लागलं याचं वाईट मलाही वाटतं, काका. पण जे कुत्रं चावलं त्याची नसबंदी आणि रेबीजची लस झाली होती का, हे तरी कोणी विचारलं? ते काम गल्लीगल्लीत झालं तरच टोळ्या कमी होतील. भात बंद करून कुत्री जातात कुठे? शेजारच्या गल्लीत.

अजनीवाला_६८
नसबंदीचं मान्य. त्याला माझा विरोध कधीच नव्हता. भाताचं मान्य नाही. शाळेच्या गेटसमोर तर नाहीच नाही.

मनीषनगरची ताई
शाळेसमोर मीही टाकत नाही. टाकणाऱ्यांशी भांडतेसुद्धा.

फुटाळ्याचा बंडू
आता तो काट्याचा सीन शोधून पाहिला. लंगडणं जमलंय, एवढं देतो. नट म्हणणार नाही. अन् सिनेमावाले, तो कुत्रा हॉलिवूडची नटी जीन हार्लोच्या मांडीवर मेला हेही लोक छातीठोकपणे सांगतात, ते खरं की तेही असंच?

गोकुळपेठचा सिनेमावाला
तेही असंच. ती शेजारी राहायची, एवढ्यावरून गोष्ट रचली. तो १० ऑगस्ट १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये घरीच गेला. डंकननं आधी अंगणात पुरलं, आज कबर पॅरिसजवळ आन्येरच्या प्राण्यांच्या दफनभूमीत आहे. आणि नट मी म्हणणारच.