कुपवाडच्या आवारात ऑटोक्रॉस: कोर्स कोण आखणार?

प्रेषक: अप्पा, विश्रामबाग, सांगली

मंडळी, स.न.वि.वि.

मी आता कायमचा सांगलीकर झालो तरी आपल्या या मेलच्या यादीवरून नाव काढू नका, काम आहे. इथं इंजिनिअरिंगच्या पोरांनी आणि दोन-चार गॅरेजवाल्यांनी ऑटोक्रॉसचं मनावर घेतलंय, म्हणजे मोकळ्या आवारात रस्त्यावर असतात तसले प्लास्टिकचे कोन मांडून वाट (कोर्स) आखायची आणि एकेक गाडी सोडून तिची वेळ मोजायची. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं काँक्रीटचं आवार डिसेंबरात सुट्टीच्या दिवशी मिळतंय. उत्साह उतू चाललाय. कोन महाग पडतात म्हणून चुना लावलेले दगड आणि ऑईलचे रिकामे ड्रम मांडायचं घाटतंय. पोस्टरवर मोठ्या अक्षरात ‘शर्यत’.

दादा, तू तिकडं अमेरिकेत क्लबात कोर्स आखतोस. डिसेंबरात मिरजेला येणार म्हणे. घेतोस का अंगावर? बाकी जे कोणी सुट्टीला इकडं असतील त्यांनीही कळवा.

प्रेषक: दादा, मिशिगन

अप्पा, नमस्कार.

येतो. पण आधी ते दगड आणि ड्रम आवाराबाहेर काढा. गडी चुकला तर कोन उडावा, वेळेत दोन सेकंद वाढावेत आणि त्यानं हसत परत रांगेला लागावं, यावर तर हा खेळ चालतो. ड्रमला धडकला तर बंपर गेला, रेडिएटर गेला, आणि वर घरी बापाचं ऐकून घ्यायचं.

मी कागदावर वळणं सगळ्यात शेवटी काढतो. आधी दिव्याचे खांब, गटाराची झाकणं, वजनकाटा, कुंपण मांडून घेतो. मग जिथं जिथं गाडी जोरात असेल तिथून एक सरळ रेघ ओढतो: इथं टायर सुटले तर गाडी जाईल कुठं? रेघ खांबावर गेली की ते वळण तिथं नाही. एससीसीए या इथल्या मोटारक्लबांच्या संघटनेच्या ‘सोलो’ नियमांत (ऑटोक्रॉसला ते सोलो म्हणतात) कोर्सची हद्द पक्क्या वस्तूपासून 25 फुटांपेक्षा जवळ येऊ देत नाहीत. वाट किमान 15 फूट रुंद, आणि नागमोडी ओळीतले कोन एकमेकांपासून किमान 45 फुटांवर. आपण पहिल्याच वेळी 60 फूट ठेवू. सगळे नवखे, कोन दाटीनं आले की स्टिअरिंग फिरवता फिरवता बुद्धी मागं राहते. उंच एसयूव्हीवाल्यांना यंदा गोड बोलून प्रेक्षकांत बसवा, त्या उलटू शकतात.

तिकडचा नकाशा जसाच्या तसा उचलून चालणार नाही, हे पोरांना सांगा. तिथं चालक डावीकडं बसतो, आपल्याकडं उजवीकडं. आपल्याला डाव्या बाजूचा कोन बॉनेटच्या कडेआड जातो, अंदाजच येत नाही. म्हणून अवघड गेट, म्हणजे दोन कोनांमधली फट, उजवीकडं ठेवू आणि डावीकडची वळणं थोडी मोकळी. वेग दुसऱ्या गिअरातला, ताशी साठेक किलोमीटरच्या आत. टायमरच्या रेषेपुढं थांबायला लांब मोकळी जागा, आणि तिथं एकही माणूस नको. मोबाईल घेऊन उभे राहणारे नेमके तिथंच जमतात.

प्रत्येक कोनाभोवती फक्कीनं चौकोन आखायचा. कोन आडवा पडला किंवा चौकोनाच्या पूर्ण बाहेर गेला तर दोन सेकंदांचा दंड. नुसता सरकला आणि रेघेला शिवून उभा राहिला तर दंड नाही. दिशा दाखवायला आडवे ठेवलेले कोन यात धरत नाहीत. एवढं लिहून लावलं की निम्मी भांडणं मिटतात. चौकोन असल्यावर पडलेला कोन जागेवर ठेवायलाही मोजमाप लागत नाही.

आता माणसं. 30 गाड्या, प्रत्येकी 4 फेऱ्या, दर 45 सेकंदांनी एक गाडी सोडली तरी नुसता दीड तास, आणि तसं सुरळीत कधीच जात नाही. म्हणून दोन गट: एक चालवेल तेव्हा दुसरा उन्हात उभा राहून कोन उचलेल, मग उलट. फी भरली म्हणून कुणाला सूट नाही, माझ्या भाच्यालाही नाही. कोन उचलायच्या प्रत्येक ठिकाणी दोघं, हातात लाल निशाण, जवळ अग्निशामक सिलिंडर, आणि पुढच्या ठिकाणचा माणूस नजरेच्या टप्प्यात. लाल निशाण उठलं की चालकानं जागीच थांबायचं. बैलगाडी शर्यतीचे झेंडापंच मिळाले तर बघा. गर्दीला मागं रेटायचा त्यांच्याएवढा सराव कुणाला आहे?

प्रेषक: वहिनी, न्यू जर्सी

भावजी, सगळं ठीक. पण विमा? आमच्या धाकट्याला गाडी घेऊन यायचंय, म्हणून विचारते. आणि पोलीस?

प्रेषक: दादा

वहिनी, बरं विचारलंत. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. तिथं गाडीला काही झालं तर त्या पॉलिसीवर भिस्त ठेवायची नाही, हे प्रवेश अर्जावर ठळक छापायचं. कार्यक्रमाचा विमा वेगळा काढायचा, आणि तो मिळाल्याशिवाय एकही कोन मांडायचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय होणाऱ्या शर्यतीला लागतं. आपलं आवार खाजगी असलं तरी पोलिसांना आधी लेखी कळवायचं, आणि एफएमएससीआय या देशातल्या मोटारस्पर्धांच्या महासंघाकडंही परवानगीची चौकशी करायची. अप्पा, हे तुमच्याकडं. पोस्टरवरची ‘शर्यत’ काढा, नाहीतर निम्मी सांगली बुलेट घेऊन फाटकावर येईल.

धाकट्याला पाठवा. सकाळी तपासणी मी करेन: चाकांचे नट, घट्ट बसवलेली बॅटरी, ब्रेकचं पेडल, आणि डिकीतून स्टेपनी सोडून सगळं बाहेर. पायाखालची पाण्याची बाटली ब्रेकखाली गेली की काय होतं ते त्याला नीट समजावा.

प्रेषक: अप्पा

ड्रम भंगारवाल्याला दिले. कोन रस्त्याच्या ठेकेदाराकडून भाड्यानं ठरवलेत, फक्की सांगितलीय. पोलिसांच्या अर्जाचा मसुदा सोमवारी यादीवर टाकतो, वकिली केलेल्यांनी नजर घालावी. झेंडापंच यायला तयार आहेत. फक्त विचारत होते, माईक मिळणार का.